सिनेमा उशिरा येण्याचा इतिहास

१ जानेवारी १९१८ रोजी नाशिकमध्ये हिंदुस्तान फिल्म कंपनीचे काम सुरू झाले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ हे चित्रपट याच कंपनीसाठी केले. कंपनी नाशिकची, पण चित्रपट आधी लागायचा मुंबईत. कारण व्यवहाराचे होते. चित्रपटाची एकेक प्रत काढायला पैसे लागत, म्हणून प्रती मोजक्याच निघत. जिथे तिकीट महाग आणि गर्दी दाट, तिथे त्या आधी पाठवायच्या. तिथली गर्दी ओसरली की रिळांच्या पेट्या पुढच्या गावाला.

पुढची साठ-सत्तर वर्षे आपल्याकडचा चित्रपटाचा धंदा याच क्रमाने चालला. मुंबई-पुण्यात पहिला रन, मग नाशिकसारखी जिल्ह्याची शहरे, मग तालुके आणि सर्वांत शेवटी जत्रेतले तंबू. वितरकांनी देश सर्किटांमध्ये वाटून घेतला होता. नाशिक मुंबई सर्किटमध्ये, तर शेजारचे खानदेश सीपी-बेरारमध्ये. त्या सर्किटच्या पेट्यांचा मोठा व्यवहार भुसावळातून चाले. एखाद्या गाजलेल्या चित्रपटाची प्रत तंबूपर्यंत पोहोचायची तेव्हा तिच्यावर रेघोट्यांचा पाऊस पडलेला असायचा, मधली एक-दोन गाणी ऑपरेटरांच्या कात्रीत गेलेली असायची. तरी लोक येत. त्यांना दुसरीकडे कुठेच तो चित्रपट दिसणार नव्हता.

चित्रपट चित्रपटगृहातून घरी किती दिवसांनी यावा, चार आठवड्यांनी की आठ, यावर आज निर्माते, मल्टिप्लेक्स आणि ओटीटी कंपन्या कोर्टापर्यंत भांडतात. त्या भांडणाचे मूळ मला या जुन्या रांगेत दिसते. चित्रपटगृहाची कमाई पडद्याच्या आकारावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती प्रेक्षकाला किती काळ थांबावे लागणार यावर असते. हे थांबणे सर्वांच्या वाट्याला सारखे कधीच आले नाही. जो रांगेत सर्वांत मागे उभा होता त्यानेच पहिल्यांदा रांग मोडली, आणि तो आपल्या नाशिक जिल्ह्यातलाही होता.

टीव्ही आला तेव्हा चित्रपटगृहांनी त्याची फारशी धास्ती घेतली नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी, हा कार्यक्रम पुढे घराघरात पाठ झाला. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओसरीवर आळी जमायची. पण दूरदर्शनवर लागणारा चित्रपट कित्येक वर्षांचा जुना असायचा. चित्रपटगृहात त्याची कमाई केव्हाच संपलेली असे. नवा चित्रपट आणि घरचा पडदा यांच्यामध्ये वर्षांचे अंतर होते, आणि तोवर नाशिकच्या विजयानंद, सर्कल, हेमलता, मधुकर, दामोदर या चित्रपटगृहांना घरच्या पडद्याची काळजी करण्याचे कारण नव्हते. यातल्या विजयानंदला तर चित्रपटाआधीचाही इतिहास आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, त्या याच नाट्यगृहात.

हे अंतर कोसळले ते १९८२ नंतर. दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, परदेशातून टीव्ही संच आणणे सोपे झाले आणि त्यांच्या पाठोपाठ व्हीसीआर आले. आखातात नोकरीला गेलेला भाऊ किंवा मेहुणा सुट्टीवर आला की खोक्यातून व्हीसीआर उतरायचा. कॅसेटही बरेचदा तिकडूनच यायची. हिंदी चित्रपटांचे परदेशातले व्हिडिओ हक्क निर्माते रीतसर विकत असत. दुबईत किंवा लंडनमध्ये कायदेशीर निघालेली कॅसेट विमानाने मुंबईला पोहोचली की तिच्या प्रतींवर प्रती निघत. मुंबईत ज्या चित्रपटाचे पोस्टर अजून ओले असायचे तो काही दिवसांत व्हिडिओ लायब्ररीत मिळू लागला. ज्यांना संच घेणे परवडत नव्हते ते एका रात्रीपुरता टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणत आणि वर्गणी काढून पहाटेपर्यंत तीन-चार चित्रपट बघत. गणेशोत्सवाच्या मांडवात, लग्नघरी आणि लांब पल्ल्याच्या व्हिडिओ कोचमध्ये हेच चाले.

सरकारने १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त केला, व्हिडिओचा त्यात स्पष्ट समावेश केला आणि शिक्षा वाढवल्या. पण कॅसेटची प्रत काढायला दोन यंत्रे आणि एक वायर पुरे होती; कायद्याचा हात तिथवर पोहोचणे कठीण होते. त्याच वेळी तिकिटावरचा करमणूक कर जबर होता. मालकाच्या हाती उरायचे त्यात खुर्च्या दुरुस्त व्हायच्या नाहीत की पंखे. शहरातला मध्यमवर्ग घरी बसला आणि थिएटर आणखी कळकट झाले. ते कळकट झाले म्हणून उरलेली कुटुंबेही यायची थांबली. ऐंशीच्या दशकातल्या या घसरणीचे खापर एकट्या व्हिडिओवर फोडण्यात अर्थ नाही, पण व्हिडिओने जे केले ते करानेही केले नव्हते. त्याने वाट पाहण्याचे कारणच काढून घेतले.

मालेगावात ही गोष्ट अगदी वेगळ्या वळणाने गेली. मोसम नदीच्या काठचे हे यंत्रमागांचे गाव. आठवडाभर मागाचा खडखडाट, शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीला सिनेमा. इथे व्हिडिओ घरात येण्याऐवजी पार्लरमध्ये बसला. एक खोली, समोर टीव्ही, बाकडी किंवा सतरंजी, आणि मागावर काम करणाऱ्याच्या खिशाला परवडेल असे तिकीट. पार्लरला चित्रपटगृह म्हणता येत नव्हते आणि घरही नव्हे. वितरकांच्या रांगेत मालेगावचा नंबर येण्याची वाट पाहायला पार्लरवाला बांधील नव्हता. त्याच्याकडे मुंबईचा चित्रपट येई, हाँगकाँगचा येई आणि चार्ली चॅप्लिनही येई.

अशाच एका पार्लरमध्ये नासिर शेख नावाचा तरुण जगभरचे चित्रपट दाखवत, बघत आणि त्यातून शिकत होता. संकलनाचे धडे त्याने व्हीसीआरवर गिरवले. २००० साली त्याने हौशी मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. बजेट काही हजारांचे, कलाकार गावातले, कॅमेरा व्हिडिओचा. मुंबईने जो चित्रपट बनवला आणि मालेगावने वर्षानुवर्षे पाहिला, तो आता मालेगावच्या बोलीत मालेगावच्या पडद्यावर लागला आणि लोकांनी गर्दी केली. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ निघाला. त्यात सुपरमॅन झालेला शफीक शेख हा यंत्रमाग कामगार. २०११ मध्ये तो कर्करोगाने गेला. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे ही मंडळी जगाला माहीत झाली. मला या साऱ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रांगेच्या टोकाला ठेवलेल्या गावाने रांग सोडली तेव्हा त्याने सिनेमा सोडला नाही. त्याने स्वतःचा सिनेमा आणि स्वतःचा पहिला दिवस तयार केला. ज्या व्हिडिओला मुंबईचे निर्माते चोर म्हणत होते तोच इथे कलावंतांची शाळा झाला.

मुंबईत मात्र उत्तर वेगळे निघाले, तेही एका जुन्या घराण्याकडून. ५ ऑगस्ट १९९४ रोजी राजश्रीचा ‘हम आपके हैं कौन..!’ लागला. ताराचंद बडजात्यांनी १९४७ मध्ये सुरू केलेली ही संस्था वितरणातही मुरलेली होती, त्यामुळे गळती कुठून होते हे त्यांना नेमके माहीत होते. त्यांनी व्हिडिओचे हक्क विकलेच नाहीत. प्रती मोजक्या काढल्या आणि ज्यांचा पडदा, आवाज आणि खुर्च्या ठीक होत्या अशाच चित्रपटगृहांना त्या दिल्या. म्हणजे फाळक्यांच्या काळात जी टंचाई नाइलाजाने होती ती त्यांनी मुद्दाम निर्माण केली. घरी हा चित्रपट मिळणार नाही, कितीही थांबलात तरी इतक्यात मिळणार नाही, हे लोकांना कळले आणि दहा वर्षे घरात बसलेली कुटुंबे आजीसकट बाहेर पडली. मुंबईच्या लिबर्टीत तो शंभर आठवड्यांहून जास्त चालला. घरी येण्याच्या तारखेचा गल्ल्यावर काय परिणाम होतो याचा आपल्याकडचा पहिला मोठा पुरावा मी यालाच मानतो.

पुरावा असला तरी तो सर्वांना गिरवता आला नाही. १९९२ मध्ये झी टीव्ही आला, केबलच्या तारा गच्चीगच्चीवरून गेल्या, आणि केबलवाला रात्री नवा चित्रपट लावू लागला. मग व्हीसीडी आल्या. २००७ मध्ये मोझर बेअरने रीतसर हक्क घेऊन २८ रुपयांना व्हीसीडी बाजारात आणली, तेव्हा चोरट्या प्रतींची गरजच अर्धी संपली. त्याच वर्षी झी टॉकीज सुरू झाली आणि मराठी निर्मात्याला उत्पन्नाचा एक नवा मार्ग मिळाला. अनेक मराठी चित्रपटांचे अर्थकारण तेव्हापासून वाहिनीच्या हक्कांवर उभे राहिले, आणि त्याबरोबर एक सवयही लागली. ‘टीव्हीवर येईलच’ हे वाक्य मराठी घरांमध्ये रुळले. या वाक्याने मराठी चित्रपटाचे जितके नुकसान केले तितके क्वचितच कशाने केले असेल.

दुसऱ्या बाजूने चित्रपटगृहांची आपापसातली रांगही मोडत होती. २००५ च्या सुमारास यूएफओ मूव्हीजसारख्या कंपन्यांनी उपग्रहावरून चित्रपट थेट चित्रपटगृहातल्या सर्व्हरवर उतरवायला सुरुवात केली. पेट्या संपल्या. मुंबईत शुक्रवारी लागलेला चित्रपट सिन्नरला किंवा मनमाडला त्याच शुक्रवारी लावणे शक्य झाले. तालुक्याच्या प्रेक्षकाला शंभर वर्षांत पहिल्यांदा समान वागणूक मिळाली, याचा आनंद मानायलाच हवा. पण त्याचा एक परिणाम फारसा कोणी ओळखला नाही. पूर्वी एखादा चित्रपट सहा महिने, वर्षभर गावोगाव कमावत राहायचा. आता सगळीकडची कमाई पहिल्या तीन दिवसांत गोळा करायची घाई सुरू झाली. ज्याची जाहिरात मोठी त्याला पहिले तीन दिवस मिळाले. ज्याची कीर्ती तोंडातोंडी पसरते त्याला पसरायला वेळच उरला नाही. मराठी चित्रपट बहुतेक या दुसऱ्या जातीचा. दरम्यान महाराष्ट्र सरकारच्या करसवलतीवर मल्टिप्लेक्स वाढले, नाशिकमध्येही मॉलच्या वरच्या मजल्यांवर पडदे आले आणि जुनी एकपडदा चित्रपटगृहे एकेक करून मिटू लागली.

२९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ लागला. काही दिवसांतच त्याची प्रत इंटरनेटवर फुटली आणि पोलिसांत तक्रार झाली. नागराज मंजुळे यांचा चित्रपट लोकांच्या मोबाइलमध्ये फुकट फिरत होता, आणि तरीही सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला मध्यरात्री आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. शंभर कोटींचा टप्पा गाठणारा तो पहिला मराठी चित्रपट. घरी मिळतो म्हणून लोक येणार नाहीत हा नियम इथे साफ मोडला, आणि माझ्या मांडणीला हा मोठा अपवाद आहे हे मान्य करूनच पुढे जायला हवे. एखादा चित्रपट सोहळा झाला की त्याची प्रत कुठे मिळते याला महत्त्व राहत नाही. पण सोहळा होणारा चित्रपट दहा वर्षांत एखादाच. बाकीच्यांना तारखेचे संरक्षण लागतेच.

त्याच २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले, सप्टेंबरमध्ये जिओ आणि डिसेंबरमध्ये अॅमेझॉन प्राइम व्हिडिओ. डेटा स्वस्त झाला. चार वर्षांनी कोविडने चित्रपटगृहांना टाळे लावले. मे २०२० मध्ये ‘गुलाबो सिताबो’ थेट प्राइमवर येणार असे जाहीर झाले तेव्हा आयनॉक्सने उघड नाराजी व्यक्त केली. १२ जूनला चित्रपट घरोघरी दिसला. अमेरिकेत युनिव्हर्सल आणि एएमसी या चित्रपटगृहांच्या साखळीत याच प्रश्नावर भांडण झाले आणि शेवटी तिथला जवळपास ९० दिवसांचा जुना अवधी १७ दिवसांवर आला. आपल्याकडे ५ नोव्हेंबर २०२१ ला लागलेला ‘सूर्यवंशी’ चार आठवड्यांनी नेटफ्लिक्सवर होता. आजारपणातली ही सवलत होती.

महाराष्ट्रातली चित्रपटगृहे २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या क्षमतेने उघडली. पाठोपाठ नोव्हेंबरात हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ आला. सहलीला निघालेल्या बायकांची ही गोष्ट बघायला बायकाच गटागटाने आल्या आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या ठेवण्याचा नियम असतानाही तो आठवड्यांमागून आठवडे चालला. २०२२ च्या १ ऑगस्टपासून मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी हिंदी चित्रपटांसाठी आठ आठवड्यांची अट पुन्हा लावली. अट किती कडक होती हे ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसले. तमिळ नट विजयच्या ‘लिओ’चा करार चार आठवड्यांनी नेटफ्लिक्सवर येण्याचा होता, तेव्हा त्याची हिंदी आवृत्ती राष्ट्रीय साखळ्यांनी लावलीच नाही. हिंदी पट्ट्यात ती एकपडदा चित्रपटगृहांत लागली.

याच काळात मराठीत दोन चित्रपटांनी वेळेचे मोल दाखवले. रितेश देशमुख यांचा ‘वेड’ ३० डिसेंबर २०२२ ला आला आणि हॉटस्टारवर गेला २८ एप्रिल २०२३ ला, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांनी. केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ ला आला. मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरणाऱ्या सहा बहिणींची कथा. पहिल्या आठवड्यापेक्षा त्याची दुसऱ्या आठवड्याची कमाई जास्त होती, आणि या एका गोष्टीत सारे आले. पहिल्या आठवड्यात एक जाऊ बघून यायची, दुसऱ्या आठवड्यात ती सासू, नणंद आणि भिशीतल्या मैत्रिणींना घेऊन जायची. सगळ्यांची सुट्टी जुळायची, साड्या ठरायच्या, एकत्र तिकिटे काढली जायची. असा बेत दहा दिवसांत जमत नाही. ऑगस्टअखेर तो ओटीटीवर आला तोवर ही साखळी पूर्ण झाली होती आणि गल्ला ७५ कोटींच्या पुढे गेला होता. तो चौथ्या आठवड्यात मोबाइलवर आला असता तर? मला वाटते, शेवटच्या टोकाच्या बायकांनी, म्हणजे तालुक्याच्या गावच्या बायकांनी, तो घरीच पाहिला असता, एकेकटीने, स्वयंपाकाच्या मधल्या वेळात. गल्ल्याचे नुकसान झालेच असते. त्यांच्या एका मोकळ्या दुपारचेही झाले असते.

अर्थात आठ आठवडे दिले म्हणजे चित्रपट चालतोच असे नाही. याचे उदाहरण पुन्हा मालेगावचेच आहे. नासिर शेख यांच्या आयुष्यावरचा रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चित्रपटगृहांत लागला. निर्मात्यांत अॅमेझॉनची स्वतःची कंपनी होती, तरी चित्रपट प्राइमवर आला तो आठ आठवड्यांनी, एप्रिलअखेर. समीक्षकांनी वाखाणला, पण चित्रपटगृहांत त्याने जोर धरला नाही. दोन आठवडे आधी १४ फेब्रुवारीला लागलेला ‘छावा’ तेव्हा महाराष्ट्रभर हाऊसफुल्ल होता. आठ आठवड्यांची भिंत दोघांनाही सारखीच मिळाली होती. एकाला तिचा उपयोग झाला, दुसऱ्याला ती मिळाली तरी पडदे मिळाले नाहीत. छोट्या चित्रपटाला आठ आठवडे कागदावर मिळतात आणि प्रत्यक्षात त्याचे खेळ दुसऱ्याच शुक्रवारी निघून जातात. मग उरलेले आठवडे तो कुठेच नसतो, ना चित्रपटगृहात ना घरी. ही अवस्था मराठी निर्मात्यांना चांगली ठाऊक आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइमची सक्ती केली ती याच दुखण्यामुळे.

मे २०२५ मध्ये घरी येण्याच्या तारखेचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. ‘भूल चूक माफ’ ९ मेला लागायचा होता. आदल्या दिवशी निर्मात्यांनी सीमेवरच्या तणावाचे कारण देऊन तो चित्रपटगृहांतून काढला आणि १६ मेला थेट प्राइमवर आणण्याचे जाहीर केले. पीव्हीआर आयनॉक्सने कराराचा आधार घेऊन ६० कोटींचा दावा केला. न्यायालयाने ओटीटी प्रदर्शन रोखले. मग तडजोड झाली. चित्रपट २३ मेला चित्रपटगृहांत आला आणि ६ जूनला, दोनच आठवड्यांनी, घरी. आठ आठवड्यांसाठी कोर्टात गेलेल्यांनीच दोन आठवडे मान्य केले. तरी त्याचा गल्ला ५० कोटींच्या वर गेला. पुढच्याच महिन्यात आमिर खानने ‘सितारे जमीन पर’ कोणत्याही ओटीटीला न देता चित्रपटगृहांत लावला आणि सहा आठवड्यांनी, १ ऑगस्टला, यूट्यूबवर १०० रुपये तिकीट ठेवून खुला केला. वर्गणी नाही, महिन्याचा करार नाही, ज्याला बघायचा त्याने तेवढ्याचे पैसे द्यायचे. मालेगावच्या पार्लरवाल्याचा हिशेबही असाच होता.

मराठी चित्रपटापुढे आज यापेक्षा बिकट प्रश्न आहे. ओटीटी कंपन्या आता हक्कांची किंमत चित्रपटगृहातल्या कमाईकडे बघून ठरवू लागल्या आहेत. म्हणजे जो चित्रपटगृहात चालला नाही त्याला घराचे दारही अर्धवटच उघडते. हिंदीतला मोठा निर्माता आठ आठवड्यांसाठी किंवा दोन आठवड्यांसाठी भांडू शकतो. मराठी निर्मात्याला आधी दुसऱ्या आठवड्याचे खेळ मिळवायचे असतात, तेही संध्याकाळचे, जेव्हा नोकरी आटोपून किंवा घरचे आवरून माणूस येऊ शकतो. चित्रपट घरी किती उशिरा जातो हे तपासताना तो पडद्यावर किती दिवस टिकू दिला जातो हेही त्याच करारात लिहिले गेले पाहिजे. छोट्या मराठी चित्रपटाला किमान तीन आठवडे रोज एक संध्याकाळचा खेळ आणि त्यानंतर घरी येण्याची आधीच जाहीर केलेली तारीख, एवढी मागणी निर्मात्यांच्या संघटनेने मल्टिप्लेक्सपुढे ठेवावी. सिन्नर, मनमाड, मालेगावच्या चित्रपटगृहांनाही त्यात धरावे, कारण तोंडी कीर्ती तिथे सर्वांत शेवटी पोहोचते आणि खेळ तिथले सर्वांत आधी निघतात.